टेबल कुठे ठेवू?

मुलांनो, ‘दार लाव’, ‘हात धू’, ‘जेवायला ये’ ही वाक्यं तुम्ही दिवसातून किती वेळा ऐकता? मोजूच नका! सुमारे २० देशांत राज्यकारभाराची भाषा असलेल्या स्पॅनिशमध्येही घरोघरी हाच गजर चालू असतो. ‘हात धू’ला तिथे म्हणतात ‘लाबाते लास मानोस’ आणि ‘दिवा बंद कर’ला ‘आपागा ला लुस’.

मग काय, शब्दकोश उघडला, शब्दापुढे शब्द मांडला की झालं भाषांतर? छे! ‘पोन ला मेसा’ हेच पाहा. ‘पोन’ म्हणजे ठेव आणि ‘मेसा’ म्हणजे टेबल. पण म्हणून टेबल उचलायला धावू नका बरं का! अर्थ आहे, जेवणासाठी टेबलावर ताटल्या, चमचे, पेले मांड. आई ‘पानं घे’ म्हणते, तेव्हा तुम्ही झाडाकडे पळता का?

खरी कसोटी पुढेच आहे. ‘जेवायला ये’ म्हणजे ‘बेन आ कोमेर’. पण ‘जेवायला या’ म्हणायचं तर ‘बेंगा आ कोमेर’. आपल्या ‘तू’ला तिथेही ‘तू’च म्हणतात आणि आदराच्या ‘तुम्ही’ला ‘उस्तेद’. हा शब्द ‘बुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या जुन्या संबोधनातून झिजत झिजत आला. स्पेनमध्ये बहुतेक नातवंडं आजीला ‘तू’ म्हणतात. कोलंबियातल्या कित्येक घरांत मात्र ‘उस्तेद’ चालतं. आपल्याकडे नाही का, कुणी बाबांना ‘ये’ म्हणतं, तर कुणी ‘या’? म्हणून भाषांतराआधी विचारायचं, कोण कुणाशी बोलतंय? नाहीतर शब्द बरोबर असूनही समोरचं माणूस दुखावतं.

आता एक गंमत. ‘मला चावी दे’ म्हणजे ‘दामे ला याबे’. त्यातला ‘दा’ आणि आपला ‘दे’ चक्क दूरचे नातलग आहेत! आणि आपली ‘चावी’ आली पोर्तुगीजमधून. पोर्तुगीज ही स्पॅनिशची बहीण. तेव्हा ‘चावी’ आणि ‘याबे’ एकाच लॅटिन शब्दाच्या लेकी झाल्या.

आजचा गृहपाठ : घरात ऐकलेल्या पाच आज्ञा वहीत लिहा. कोण कुणाला म्हणालं, तेही लिहा. ‘दे’च्या मागे ‘ना’, ‘रे’, ‘बरं’ असं काही होतं का? स्पॅनिश घरांत हे काम पुष्कळदा ‘पोर फाबोर’ करतं. आईबाबांनो, तुमच्या आज्ञांमध्ये ‘ना’ किती सापडतात, तेही कळेलच!