इस्रायलचा करार आणि हम्मुराबीचा कायदा

संपादक महाशयांस,


गतांकातील पत्रलेखकांनी प्राचीन इस्रायलचे नियमशास्त्र म्हणजे हम्मुराबीच्या कायद्याची नक्कल होय, असे प्रतिपादिले आहे. उभयतांत साम्य आहे, हे नाकबूल करता येणार नाही. मारक्या बैलाविषयीचे कलम दोहोंकडे आढळते. परंतु हम्मुराबीच्या बाबिलोनी कायद्यात, खोड ठाऊक असूनही मोकळ्या सोडलेल्या बैलाने स्वतंत्र मनुष्य मारला असता मालक अर्धा मिना रुपे भरून सुटतो, तर बायबलातील ‘निर्गमा’च्या २१व्या अध्यायात त्या बैलास धोंडमार होऊन त्याचे मांसही निषिद्ध ठरते आणि, खंड भरून जीव वाचविण्याची सवलत असली तरी, मालक देहदंडास पात्र होतो, हा भेद केवळ तपशिलाचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सूसा येथे सापडलेल्या, हम्मुराबीचा कायदा कोरलेल्या शिलास्तंभावर शमाश देवाची आकृती कोरलेली असली, तरी कायदे राजाच्याच नावाने जाहीर झालेले आहेत. उलट सीनाय पर्वतापाशी झालेल्या करारात राजाला स्थानच नाही. हित्ती सम्राट मांडलिकांशी ज्या धर्तीचे तहनामे करीत, तशाच धर्तीने येथे अवघी प्रजा साक्षात ईश्वराशी बांधली जाते, आणि म्हणूनच पुढे राजपद आले तेव्हा राजाही त्याच कराराच्या अमलाखाली आला. नाबोथ नावाच्या प्रजाजनाचा वडिलोपार्जित द्राक्षमळा बळकावण्यासाठी राणी ईजबेलीने खोटे साक्षीदार उभे करून त्याचा वध करविला, तेव्हा इस्रायलच्या अहाब राजाला त्याच मळ्यात गाठून जाब विचारण्याचा अधिकार एलीया संदेष्ट्याला कोणत्या राजाज्ञेने दिला होता, याचा खुलासा पत्रलेखकांनी अवश्य करावा.

आपला,
एक वाचक