डुमसला भजी मिळतात, मासा शोधावा लागतो



गेले पंधरा दिवस ग्रुपवर एकच विषय चालू आहे. सुकवणीच्या मैदानावर हॉटेल येणार का, आणि सोसायटी पत्र देणार का. कोणी तर लिहिलंय की सोसायटीनं आधीच पैसे घेतलेत. ते साफ खोटं आहे. पत्र मागितलंय हे मात्र खरं आहे, म्हणून काय ते इथेच उघड लिहितो.

मैदान सातबाऱ्यावर सरकारच्या नावावर आहे. वापर आपला, आजोबा-पणजोबांपासूनचा. हॉटेलवाल्याला ती जागा सरकारकडून भाडेपट्ट्यानं हवी आहे आणि त्यासाठी त्याला आपल्याकडून दोन ओळी लागतात: या जागेवर आता मासळी सुकवली जात नाही, आमची हरकत नाही. बदल्यात देवळाला पत्रे, बंदरावर संडास आणि पोरांना नोकऱ्या. जागेचे पैसे तो आपल्याला देणार नाहीच, कारण कागदावर जागा आपली नाही. आपल्याकडून त्याला फक्त आपली सही पाहिजे.

त्याचा माणूस तीनदा सोसायटीत आला आणि तीनही वेळा त्यानं सुरतेचं उदाहरण दिलं. "डुमस बघा. काय होतं आणि काय झालं!" शेवटी म्हटलं, बघूनच येऊ. आम्ही पाच जण गेलो, त्यात दोन बायका, कारण सुकवणीचं काम त्या करतात, आम्ही नाही. (तिकिटं ज्याची त्यानं काढली. सोसायटीच्या खात्यावर एक रुपया टाकलेला नाही, ऑडिटला विचारायची गरज नाही.)

सुरत स्टेशनपासून डुमस चांगलं वीसेक किलोमीटर. आपल्यातले जुने लोक सांगतात की पूर्वी तिकडे ताडाची झाडं, काळी वाळू आणि होड्या, एवढंच होतं. काळी वाळू अजून आहे. पण वाटेवरचा डुमस रोड म्हणजे आता वेगळंच शहर आहे. पिपलोद, वेसू, मगदल्ला, सगळीकडे मॉल, हॉटेलं, लग्नाचे हॉल, काचेच्या इमारती. विमानतळ याच रस्त्याला. १७ डिसेंबर २०२३ ला पंतप्रधानांनी एकाच दिवशी विमानतळाच्या नव्या टर्मिनलचं आणि खजोदच्या डायमंड बोर्सचं उद्घाटन केलं. बोर्समध्ये साडेचार हजारांच्या आसपास ऑफिसं आहेत. हिऱ्याचा व्यापारी बाहेरगावाहून आला की त्याला राहायला खोली लागते, जेवायला जागा लागते, आणि संध्याकाळी समुद्र लागतो. तो समुद्र डुमसचा. महापालिका तिथे शंभराच्या आसपास हेक्टरात सी-फेस करते आहे.

सुरतचं जेवण आणि काशीचं मरण, असं आपण ऐकत आलो. जेवणाबद्दल शंका नाही. रविवारी संध्याकाळी डुमसला पाय ठेवायला जागा नव्हती. टोमॅटोची भजी तिथली प्रसिद्ध, ती आम्हीही खाल्ली, दोन प्लेटा जास्तच. पाव भाजी, लोचो, खावसा, मक्याचं कणीस, आईस्क्रीम. या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. माशाचा तवा एकच दिसला. बाकी बहुतेक पाट्यांवर 'शुद्ध शाकाहारी'. यात कोणाची चूक नाही. सुरतच्या येणाऱ्या गिऱ्हाईकातला मोठा भाग मासा खातच नाही, हॉटेलवाला गिऱ्हाईक बघणार. पण आपल्याला सांगताना "हॉटेल आलं की तुमचा मासा दारात विकला जाईल" हे जे सांगितलं जातं, ते डुमसला तरी आम्हाला दिसलं नाही. त्या एका तव्यावाल्याला विचारलं, पापलेट कुठलं? म्हणाला, वेरावळचं, बर्फातून येतं. कोळ्याच्या दारात दुकान, आणि मासा काठेवाडातून.

पापलेटवरून आठवलं. आपल्याकडे हॉटेलवाला मासे घेईल हे खरं धरलं तरी तो काय घेणार? पापलेट, सुरमई, मोठी कोलंबी. ती तर आजही दारातून जाते, व्यापारी टेम्पो घेऊन उभाच असतो. आपल्या डोलीत येतात बोंबील, करंदी, मांदेली, जवळा. ज्या दिवशी सगळ्या बोटी भरून येतात त्या दिवशी ओल्या बोंबलाचा भाव काय होतो ते बोटमालकांना सांगायला नको. व्यापारी म्हणतो, दे नाहीतर फेक. त्याला आपण "नाही देत" म्हणू शकतो ते कशाच्या जोरावर? वलांडीच्या. बायका म्हणतात, राहू दे, चढवतो वर. चार दिवस ऊन मिळालं की तोच बोंबील पावसाळ्यात पैसे देतो. मैदान गेलं की भाव व्यापारी ठरवणार, रोज. ज्यांना वाटतं मैदान म्हणजे रिकामी पडलेली जागा, त्यांनी आपल्याच घरातल्या बाईला विचारावं की बंदीच्या दोन महिन्यांत किराणा कशावर आला.

डुमसला एका जुन्या ओळखीच्या तांडेलाकडे बसलो. नाव इथे देत नाही. त्यांच्याकडे आपण ज्याला निवटी म्हणतो त्याला लेवटा म्हणतात, चिखलात हातानं धरतात, त्याचंच जेवण झालं. तो म्हणाला, हॉटेलांनी आम्हाला हलवलं नाही, त्याच्या आधीच आम्ही हललो होतो. हे वाक्य आम्हाला परतीच्या गाडीतही सोडेना, कारण हिशेब घातला तर ते बरोबर आहे.

तापीचं बघा. उकाईचं धरण १९७२ मध्ये पूर्ण झालं, गोडं पाणी वर अडलं. १९९५ मध्ये रांदेर आणि सिंगणपोरच्या मध्ये बंधारा-कॉजवे झाला, शहराला प्यायचं पाणी मिळालं, ते हवंच होतं. पण भरतीचं पाणी तिथून वर जायचं थांबलं, आणि भरतीबरोबर खाडीतून नदीत चढणारी मासळीही तिथेच थांबली. समोरच्या काठाला हजीरा. तिथे कारखाने आले, बंदरं आली. हजीरा मच्छीमार समिती हरित लवादाकडे गेली, आणि जानेवारी २०१६ मध्ये लवादानं बंदर कंपनीला २५ कोटी रुपये भरायचा आदेश दिला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कोर्टाचं कोर्टात. पण एवढं लक्षात घ्या की ते लोक कागद घेऊन गेले म्हणून त्यांचं ऐकलं तरी गेलं. होड्या कुठे लागत होत्या, चिखलात कोण उतरत होतं, तिवरं कुठे होती, हे त्यांना सांगता आलं.

म्हणजे आधी मासा कमी होतो. मग पोरगं होडी सोडून कंपनीत सिक्युरिटीला लागतं. मग होडी विकली जाते. मग जाळी सुकवायची जागा खरोखरच रिकामी दिसायला लागते. आणि मग कोणीतरी गाडीतून उतरतो आणि म्हणतो, ही जागा तर पडीकच आहे. हॉटेलवाला शेवटी येतो, पण दिसतो तोच.

तांडेलानं आणखी एक सांगितलं. २००६ मध्ये सुरत महापालिकेची हद्द वाढली आणि डुमस शहरात गेलं. रस्ते झाले, नळ आले, दिवे आले. त्याची तक्रार नाही. पण ग्रामपंचायत गेली, ग्रामसभा गेली. आता काही म्हणायचं असेल तर अर्ज घेऊन शहरात जायचं. आणि नवीन फ्लॅटवाल्यांना सुक्या माशाचा वास येतो म्हणून तक्रारी होतात. वास आधी आला का फ्लॅट आधी आला, हे कोण विचारतो? जेवण झाल्यावर आम्ही विचारलं, सी-फेसच्या नकाशात तुमच्या होड्यांची जागा कुठे दाखवली आहे? तो हसला. म्हणाला, तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा.

आपल्याकडे अजून ग्रामसभा आहे. हे आज आहे, किती दिवस ते सांगता येत नाही. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली, शहात्तर हजार कोटींच्या पुढचा प्रकल्प. बोईसरला बुलेट ट्रेनचं स्टेशन होतंय, पुढे सुरतेलाही तीच गाडी. या दोन गोष्टी धरूनच हॉटेलवाले आपल्या किनाऱ्यावर फिरतायत, आपल्या बोंबलाच्या प्रेमानं नाही. बंदराच्या विरोधात आपण काय बोललो, काय बोलत राहू, तो विषय वेगळा. पण बंदर होवो न होवो, जमिनीचे दलाल आलेत हे खरं.

आता काही तरुण सभासद म्हणतील, सेक्रेटरी विकासाच्या विरोधात आहे. अजिबात नाही. या पोस्ट लिहिणाऱ्याच्याच घरातली मागची खोली शनिवार-रविवार पाहुण्यांना दिली जाते, हे सगळ्या गावाला माहीत आहे. गेल्या दिवाळीत त्या खोलीनं इंजिनाच्या दुरुस्तीचा हप्ता भरला. म्हणून तर आम्ही सांगतो की पैसा आपल्याच घरातून निघू शकतो. १८ जानेवारी २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत मच्छीमारांसह स्थानिक लोकांना आपल्या राहत्या घरात होम-स्टे चालवायची मुभा आहे. अट एवढीच की घराचं जोतं वाढवायचं नाही, रचना आणि तोंडवळा बदलायचा नाही. ही मुभा घर राखणाऱ्याला आहे, घर पाडून चार मजले चढवणाऱ्याला नाही. गावात दोन ठिकाणी बाहेरच्या पैशानं जोती वाढलीत, नावं घेत नाही, त्यांना कळलंय. उद्या नोटीस आली तर ती घरमालकाच्या नावानं येईल, पैसे घालणाऱ्याच्या नाही.

आणि खाण्याचं म्हणाल तर मुंबईत माहीम कोळीवाड्यात २०२३ मध्ये महापालिकेनं सीफूड प्लाझा सुरू केला, तिथे स्टॉल कोळीवाड्यातल्या महिला बचत गटांनी लावले. तिथे सगळं सोनं आहे असं आम्ही म्हणत नाही, गर्दी कमी-जास्त होते, पावसाळ्याचे प्रश्न आहेत. पण तवा कोळणीचा आहे आणि गल्ला कोळणीच्या हातात आहे. आपल्याकडे तर मासळी उतरते तिथून शंभर पावलांवर तवा लावता येईल. मुंबईकर इथे येतो तो पाव भाजी खायला येत नाही. बोंबील फ्राय, करंदीची वडी, सुक्या जवळ्याची चटणी हे आपल्या बायकांच्या हातचं त्याला कुठल्या हॉटेलात मिळणार आहे? तिथे नोकरीला लागलेल्या आपल्या पोरीला ते टेबल पुसायला लावतील, रांधायला आचारी बाहेरून आणतील. डुमस रोडच्या ज्या हॉटेलांत आम्ही चौकशी केली तिथे आचारी बाहेरच्या राज्यातले आणि गेटवर डुमसचा पोरगा. गेटवर उभं राहण्यात कमीपणा नाही. पण समुद्रात जाणाऱ्या माणसाला नोकरी म्हणून तेवढंच देऊ करणं आणि त्याला रोजगार म्हणणं, हे आम्हाला पटलं नाही.

आमचं मत असं आहे. ते पत्र देऊ नये. मैदानावर मासळी सुकते, हंगामात रोज सुकते, तर सुकत नाही असं सोसायटीच्या शिक्क्यानं खोटं लिहिणार कसं? संडास बंदरावर हवेत, बायकांची ती जुनी मागणी आहे, त्यासाठी मागे लागू, पण मैदानाच्या बदल्यात नको. उलट आत्ताच, वलांड्या उभ्या आहेत तोवर, मैदानाची मोजणी करून, फोटो काढून, सुकवणीची जागा, जाळी विणायची जागा, होड्या ओढायची जागा किनाऱ्याच्या व्यवस्थापन आराखड्यात दाखवायची मागणी ग्रामसभेच्या ठरावासह करावी. मच्छीमारांच्या सामाईक जागा त्या नकाशात दाखवायच्या असतात. न दाखवल्या तर कागदावर ती मोकळी वाळू.

हे संचालक मंडळातल्या बहुतेकांचं मत आहे, सगळ्यांचं नाही. दोघांचं म्हणणं आहे की आपण नाही दिलं तर शेजारचं गाव देईल आणि पैसा तिकडे जाईल. तसं होऊ शकतं. त्यांनी ते सभेत उभं राहून सांगावं, ग्रुपवर रात्री बारा वाजता नको.

सभा येत्या रविवारी सकाळी दहा वाजता, बर्फाच्या कारखान्यामागच्या हॉलमध्ये. त्या दिवशी भांगाचं पाणी आहे, बोटी घरी असतील, तेव्हा कारण सांगू नका. सभासद पुरुष असला तरी घरातली बाई सोबत आणा, मैदानावर कोणाची वलांडी कुठून कुठपर्यंत ते त्यांनाच माहीत. ज्यांच्याकडे जुने फोटो असतील, लग्नातले का असेना, ज्यात मागे वलांड्या दिसतात, ते घेऊन या. सभा संपली की लगेच मोजायला जायचं आहे. टेप सोसायटीत एकच आहे आणि ती तीस मीटरला तुटलेली आहे, कोणाकडे लांब टेप असेल तर आणा.