‘बोटीवर होते’ म्हणजे काय होते?

आमच्या घरात खापरपणजोबांबद्दल एकच वाक्य चालत आलं: “ते बोटीवर होते, मग विलायतेतच राहिले.” हे सांगताना आजोबांची मान ताठ व्हायची. गावात मेलेली ढोरं ओढायला लावलेल्या घरातला माणूस समुद्रापार गेला, याचा तो अभिमान होता. बोटीवर ते काय काम करत, हे मात्र कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

उत्तर मिळालं ते माझ्या जात पडताळणीच्या धावपळीत. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधताना जुन्या ट्रंकेत त्यांचं खलाशाचं पुस्तक सापडलं. हुद्द्याच्या जागी एकच शब्द होता: टोपास.

मुंबईहून सुटणाऱ्या ब्रिटिश बोटींवर डेकवर सारंग, टिंडेल आणि खलाशी असत, खाली भट्टीशी आगवाले, स्वयंपाकाला भंडारी. टोपास संडास-मोऱ्या धुवायचा. हा शब्द आधी पोर्तुगीज काळातल्या मिश्रवंशीय ख्रिस्ती माणसांसाठी होता, पुढे तो बोटीवरच्या सफाईवाल्याला चिकटला. या कामाला बहुतेकदा ज्यांच्यावर गावात-शहरात घाण काढणं लादलेलं होतं, त्याच जातींतली माणसं घेत.

समुद्र ओलांडला की जात सुटते, असं आपल्याला वाटतं. सवर्णांच्या आठवणीत समुद्र म्हणजे जात बुडण्याची भीती. १८८८ साली विलायतेला निघालेल्या गांधींना त्यांच्या जातीनं मुंबईत वाळीत टाकलं. आमच्या माणसाला कुणी अडवलं नाही. त्याची जात बुडेल ही चिंता कुणालाच नव्हती. ती कामाच्या रूपानं त्याच्याबरोबर बोटीत चढली होती. १९१३ साली बाबासाहेब शिकायला न्यूयॉर्कला निघाले, ते याच बंदरातून. दोन्ही प्रवास आपलेच आहेत. एकाचा आपण उत्सव करतो, दुसरा ट्रंकेत ठेवतो.

तिकडे राहणंही सोपं नव्हतं. हिंदी खलाशाचा पगार गोऱ्याच्या साधारण तिसरा ते पाचवा हिस्सा. करार संपला की त्याला हिंदुस्थानात परत आणून सोडायचं, अशी अट. त्यामुळे राहायचं तर अनेकांना बोट सोडून पळावं लागे. १९२५ साली ब्रिटननं ‘परदेशी’ काळ्या खलाशांनी पोलिसांत नोंद करावी असा हुकूम काढला. हिंदी माणूस ब्रिटिश प्रजाजन होता, पण ते सिद्ध करायला कागद नसल्यानं अनेकांची नोंद परकीय म्हणून झाली. आयुष्यभर काम केलेल्या माणसाला ‘तू कोण, दाखव’ असं विचारणारी खिडकी मला अनोळखी वाटली नाही. मी नुकतीच तिच्यासमोरच्या रांगेतून आले होते.

पूर्वज शोधणं हा ज्यांच्या घरी वंशावळी लिहिलेल्या असतात, त्यांचा छंद असतो. आपल्या माणसांची नोंद मालकाच्या वहीत सापडते: आडनाव नाही, गावाचं नाव चुकलेलं, काम मात्र अचूक. म्हणून ती वही वाचायला आपणच बसलं पाहिजे. १९१८ ते १९२१ या काळातली ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या खलाशांची फोटो लावलेली ओळखकार्डं साउदम्प्टनच्या दफ्तरात जपलेली आहेत. त्यांत आपल्याकडचे चेहरेही आहेत.

घरात हे सांगितलं तेव्हा काका म्हणाले, “ते लिहू नकोस. खलाशी होते एवढंच लिही.” मला त्यांचा राग आला नाही. तीन पिढ्यांनी झाडू हातातून सुटावा म्हणून जे केलं, त्याच्या आड ही भीती उभी आहे. पण ‘खलाशी’ लिहिलं, तर ज्या व्यवस्थेनं त्यांना टोपास केलं तिलाच आपण वाचवतो. लाज असलीच तर ती काम लादणाऱ्याची आहे, करणाऱ्याची नाही.

माझ्या वंशावळीत त्यांच्या नावापुढे मी टोपास लिहिलं आहे. तुमच्याही घरात असं एखादं अर्धवट वाक्य असेल. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला पुढचं विचारा, आणि ती सांगेल तसंच लिहून ठेवा.