एक शून्य चुकलं, प्रश्न नाही

काळ्या प्लास्टिकच्या उलथन्यांची भानगड आठवते का? २०२४ मध्ये 'केमोस्फिअर' या नियतकालिकात एक अमेरिकन अभ्यास आला. काळ्या प्लास्टिकच्या २०३ वस्तू तपासल्या : उलथनी, खेळणी, खाण्याचे ट्रे वगैरे. त्यातल्या ब्रोमिन जास्त असलेल्या २० वस्तूंची सविस्तर चाचणी केली, तर १७ मध्ये आगरोधक रसायनं निघाली. मग काय, घरोघरी उलथनी कचऱ्यात!

डिसेंबरमध्ये कळलं की हिशेबात घोळ आहे. सुरक्षित मर्यादा दिवसाला किलोमागे ७,००० नॅनोग्रॅम धरलेली. ६० किलोच्या माणसासाठी गुणाकार येतो ४,२०,०००. छापलं होतं ४२,०००. अंदाज होता की उलथन्यातून रोज ३४,७०० नॅनोग्रॅम पोटात जात असावेत. म्हणजे जे मर्यादेच्या काठावर वाटत होतं, ते प्रत्यक्षात दहा टक्क्यांच्याही खाली. शास्त्रज्ञांना साधा गुणाकार येत नाही म्हणून सगळे हसले आणि विषय संपला.

मला वाटतं, तो संपायला नको होता. शून्य चुकल्यामुळे उत्तर बदललं, मूळ प्रश्न तसाच राहिला. टीव्हीच्या पाठीसाठी बनवलेलं रसायन उलथन्यात आलंच कसं?

आधी थोडं रसायनशास्त्र. (घाबरू नका, बारावीपेक्षा कमी आहे.) डायफिनाइल ईथर म्हणजे दोन बेंझीनच्या कड्या, मध्ये एका ऑक्सिजनने जोडलेल्या. कडेने दहा हायड्रोजन. ॲल्युमिनियम क्लोराइडसारखा उत्प्रेरक घालून त्यावर भरपूर ब्रोमिन सोडलं की दहाच्या दहा जागी ब्रोमिन बसतो. हे झालं डेका-बीडीई. लागणारं ब्रोमिन मृत समुद्रातून येतं, तसंच आपल्या कच्छच्या खाऱ्या पाण्यातूनही निघतं. प्लास्टिक पेटलं की हे ब्रोमिन सुटतं आणि ज्योत पुढे नेणाऱ्या कणांना पकडून ठेवतं. आग मंदावते, माणसाला पळायला वेळ मिळतो. कल्पना वाईट नव्हती हो.

घोळ आहे मिसळण्याच्या पद्धतीत. आपल्या कॉम्प्युटरच्या सर्किट बोर्डाला 'एफआर-४' म्हणतात, त्यातलं 'एफआर' म्हणजे फ्लेम रिटार्डंटच. तिथे सहसा टीबीबीपीए नावाचं रसायन वापरतात, ते इपॉक्सीच्या साखळीतच गुंफलं जातं. चिक्कीतल्या शेंगदाण्यासारखं. डेका मात्र चिवड्यातल्या शेंगदाण्यासारखं, नुसतं कालवलेलं. जुन्या टीव्हींच्या पाठीत ते वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असायचं. डबा हलला की दाणे सुटतात, तसं हे हळूहळू सुटून घरातल्या धुळीत येतं. या कुळातली रसायनं सहजासहजी विघटित होत नाहीत आणि बरीचशी चरबीत साठतात. स्वीडनमध्ये आईच्या दुधाचे १९७२ ते १९९७ या काळातले साठवलेले नमुने तपासले, तेव्हा त्यांचं प्रमाण साधारण दर पाच वर्षांनी दुप्पट झालेलं दिसलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत थायरॉइडवर आणि वाढत्या मेंदूवर परिणाम दिसले.

मग बंदी आली, पण एकेका नावावर. स्टॉकहोम कराराच्या यादीत पेंटा आणि ऑक्टा ही डेकाची भावंडं २००९ मध्ये गेली, एचबीसीडी २०१३ मध्ये, डेका २०१७ मध्ये. भारतात २०१८ च्या नियमांत पेंटा, ऑक्टा आणि एचबीसीडी होते, डेका नव्हतं. इलेक्ट्रॉनिक वस्तूंत मात्र या पीबीडीई कुळाला ०.१ टक्क्याची मर्यादा आहे, युरोपात २००६ पासून आणि आपल्या ई-कचरा नियमांतही.

आता खरी गंमत बघा. ही मर्यादा इलेक्ट्रॉनिक वस्तूंना आहे. उलथनं ही इलेक्ट्रॉनिक वस्तू नाही! जुन्या टीव्हीची पाठ भंगारात जाते, तिचा भुगा होतो, भुग्याचे दाणे होतात आणि त्या दाण्यांतून काहीही घडू शकतं. रंगीबेरंगी भंगाराचा रंग लपवायला काळ्यासारखा रंग नाही. त्यात काळं प्लास्टिक ओळखणं कठीण, कारण वर्गीकरणाच्या यंत्रांतली इन्फ्रारेड किरणं त्यातली काजळी गिळून टाकते. वर कहर म्हणजे २००९ मध्ये पेंटा-ऑक्टा असलेल्या वस्तूंच्या रिसायकलिंगला करारातच सवलत दिली गेली, जास्तीत जास्त २०३० पर्यंतची. म्हणजे नवीन बनवू नका, पण जुनं फिरवत राहिलात तर चालेल.

आपल्या भाषेत सांगायचं तर फंक्शन डेप्रिकेट केलं, पण ते जिथे जिथे वापरलंय त्याची नोंदच कुठे नाही. अशा कोडची तुम्ही रिलीज कराल का?

तुम्ही म्हणाल, मग रिसायकलिंग बंद करायचं का? अजिबात नाही. आगीचा धोकाही खोटा नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की मर्यादा वस्तूच्या प्रकाराला नको, प्लास्टिकला हवी. मग त्याचा टीव्ही होवो नाहीतर खुळखुळा. ब्रोमिन ओळखणारी एक्स-रे उपकरणं हातात मावतील एवढी लहान मिळतात, ती दाणे बनवणाऱ्याच्या दारात हवीत. तो खर्च नवीन टीव्ही विकणाऱ्या कंपन्यांनी उचलावा, भंगारवाल्याने नव्हे. आणि बंदी घालायची तर कुळावर घाला. नाहीतर एक रेणू गेला की त्याचा चुलतभाऊ दुसऱ्या नावाने हजर होतो.

तोवर आपल्यापुरतं? जुना मॉनिटर अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या, रस्त्यावर तारा-बोर्ड जाळणाऱ्यांच्या हाती नको. त्या धुरात ब्रोमिनयुक्त डायॉक्सिनही असतात. आणि उलथनं स्टीलचं घ्या. आकडेवारीने घाबरून नव्हे, तर त्यात काय आहे ते कळतं म्हणून. काळ्या उलथन्याबद्दल हे आज दुकानदारही सांगू शकत नाही, आणि मला आक्षेप आहे तो त्यालाच.

बघा पटतंय का.