पांढरं म्हणजे पारदर्शक नव्हे

छाटणी, फवारणी, राखण, काढणी, अढी. हापूसमागे बागायतदार पैसा ओततो आणि बागेचं नाव मात्र दहा मोबाइल फिरून आलेल्या धुरकट फोटोत ठेवतो. "ताई, लोगो व्हॉट्सॲप केलाय, तेवढा बॉक्सवर टाका." पिवळ्याधमक बॉक्सवर टाकला की लोगोभोवती पांढरा चौकोन. मग, "तो चौकोन तेवढा काढा की, दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं नसतं ते. जेपीजीत 'इथे काहीच नाही' हे नोंदवायला जागाच नाही. रिकामं दिसतं तिथेही पांढरा रंग भरलेला असतो. १९९६मध्ये आलेल्या पीएनजीत प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला चौथा आकडा देता येतो: ० म्हणजे आरपार, २५५ म्हणजे भरीव. पण तीच पीएनजी फोटो म्हणून पाठवली की पलीकडे जेपीजी होऊन पोचते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, हे सांगून माझा घसा बसलाय. काही जण नेटवरून राखाडी-पांढऱ्या चौकटींवरचा लोगो उतरवून आणतात. उघडून बघावं, तर चौकटी चित्रातच छापलेल्या!

कोरलमध्ये किंवा फुकटच्या इंकस्केपमध्ये रेषांनी काढलेल्या लोगोला मागे काही नसतंच. पडद्यावरचा पांढरा कागद नुसता दिसण्यापुरता. फोटोवरून ट्रेस मारून तसा लोगो मिळेल, असं समजू नका. रफाराचं टोक बोथट होतं, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो आणि मागचा चौकोन डिलीट केला तरी 'व'च्या पोटात पांढरा तुकडा बसून राहतो. असे तुकडे एकेक निवडून उडवावे लागतात.

खाकी बॉक्सवर उलटी गंमत. चाररंगी छपाईत पांढरी शाई नसते. फाइलमधलं पांढरं म्हणजे तिथे शाई नको. चौकोन आपोआप गायब होतो, पण हौसेनं पांढरी ठेवलेली अक्षरंही खाकी निघतात. पांढरीच हवी असतील तर पाचवी शाई आणि तिचा वेगळा खर्च.

आता आमच्या धंद्याबद्दल. गिऱ्हाईक बांधलेलं राहावं म्हणून बरेच जण मूळ फाइल देतच नाहीत. मला हे मुळीच पटत नाही. लोगोचे पैसे घेतले की सीडीआर, एसव्हीजी, अक्षरं कर्व्ह केलेली पीडीएफ आणि पारदर्शक पीएनजी गिऱ्हाइकाच्या हातात पडलीच पाहिजे. गिऱ्हाइकानंही ती मागून घ्यावी आणि रेखाटणीचे पैसे देताना कुरकुरू नये. सोसायट्या आणि उत्पादक संघांनी तर आपलं चिन्ह याच रूपात सभासदांना वाटावं. ऑक्टोबर २०१८मध्ये हापूसला जीआय मिळाल्यापासून बॉक्सवर चिन्हांची गर्दी वाढलीय, त्यात क्यूआर कोडही आला. त्याच्याभोवतीचं पांढरं मात्र काढायला सांगू नका. मोबाइलला कोड वाचायला तो मोकळा काठ लागतो.

एप्रिलमध्ये वाशीची गाडी दारात उभी असताना मी चौकोन खोडत बसणार नाही. पावसाळ्यात या. तेव्हा तुम्हालाही सवड असते, मलाही.