चाक कोण फिरवणार?

जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद-संग्रामपूर भागात पुराने हाहाकार उडवला. तेव्हापासून आम्हा बुलढाणेकरांच्या गप्पांत 'आपली एक बोट हवी' हा विषय अधूनमधून निघतोच. परवा गाडी स्टिअरिंगवर आली. एकजण म्हणाला, "ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग घेतो ना आपण? मग बोटीला केबल कशाला? हायड्रॉलिकच घ्या!"

मला हे पटत नाही. बचावाच्या रबरी बोटींना तर बहुधा चाकच नसतं. इंजिनाचा दांडा हातात धरून वळवतात. चाकाची बोट घ्यायचीच, तर ४०-५० अश्वशक्तीच्या आउटबोर्डला केबल पुरते. दीडशेच्या पुढे मात्र हायड्रॉलिकच. तिथे फिरत्या पंख्याचा जोर चाक सारखं एका बाजूला ओढतो, हात भरून येतात. हायड्रॉलिकमध्ये तेल तो ओढा चाकापर्यंत येऊच देत नाही. सुख आहे, नाही कोण म्हणतंय?

पण ऐन पुरात सील गळलं, तेलात हवा शिरली, तर ती काढणारा माणूस कुठून आणायचा? केबल अख्खी बदलायची असते, आणि ते कुठलाही चांगला मिस्त्री करील. (एक जादा आणून ठेवलेली बरी.) तिचा शत्रू वेगळाच. अकरा महिने शेडमध्ये पडून राहणं! ग्रीस सुकतं, गंज धरतो, चाक जाम.

म्हणून माझं मत केबलला, पण एका अटीवर: आठवड्यातून एकदा कुणीतरी जाऊन चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. कोण जाणार, असं विचारलं, तर परवा सगळेच चहाच्या कपात बघायला लागले.