भांगेचे शेत आणि पहाडाचे भवितव्य

उत्तराखंडाच्या डोंगरउतारांवर ज्याने उभी हयात मंडुवा आणि झंगोरा पिकवला, तो वयोवृद्ध शेतकरी आज औद्योगिक भांगेकडे, म्हणजेच ‘हेम्प’कडे आशेने पाहू लागला आहे. शहरी मध्यमवर्गाला हे ऐकून धक्का बसेल. कारण भांग म्हटले की आपल्याला केवळ नशा आठवते. पहाडाला मात्र तिचा वाख आठवतो. या वाखाचे दोर आणि ‘भंगेला’ नावाचे जाडेभरडे वस्त्र तेथे पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी होत असे. भांगेच्या बियांची चटणी आजही कुमाऊंच्या ताटात असते. महाराष्ट्रालाही ही वनस्पती परकी नाही. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू मिसळलेले असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले.

उतारवयात हा शेतकरी नव्या वाटेला का लागतो? कोरडवाहू जमिनीचे चिंचोळे तुकडे, रानडुकरे-माकडांचा उपद्रव आणि शहराकडे गेलेली मुले, हे त्याचे उत्तर आहे. २०११ नंतर ७३४ गावे निर्मनुष्य झाल्याची नोंद राज्याच्या पलायन आयोगाने २०१८ मध्ये केली. सीमावर्ती प्रदेशातील ओस गाव ही केवळ शेतीची चिंता नव्हे. ती राष्ट्राच्या सुरक्षेचीही चिंता आहे.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाला बंदी केली, ती योग्यच होती. त्याच कायद्याच्या कलम १४ ने धागा व बियांसाठी लागवडीस परवानगी देण्याचा अधिकार शासनाकडे ठेवला. तरीही उत्तराखंडात पहिला परवाना मिळण्यास २०१८ साल उजाडले. नशा आणणारा घटक ०.३ टक्क्यांच्या आत हवा, ही त्यातील अट. पहाडातील देशी वाणांत हे प्रमाण अनेकदा अधिक भरते. म्हणजे परवाना हाती, पण पेरायला बियाणे नाही!

अमेरिकेने २०१८ मध्ये हेम्प शेती खुली केली. पुढच्याच वर्षी लागवड बेसुमार वाढली, भाव कोसळले आणि शेतकरी पोळले. तोच अनुभव येथे यावयास नको. कृषी विद्यापीठांनी देशी वाणांतून कमी नशेचे बियाणे सिद्ध करावे, वाख काढण्याचे उद्योग पहाडातच उभे राहावेत आणि खरेदीची हमी पेरणीपूर्वी मिळावी. नशेच्या व्यापारावर कठोर प्रहार व्हावा. पण त्याच्या भयाने स्वदेशीचा धागा तोडू नये. म्हाताऱ्या शेतकऱ्याने जोखीम पत्करली आहे. त्याचा मुलगा गावी परतेल की नाही, हे आता शासन आणि समाज काय करतात यावर ठरणार आहे.